वारंवार घशाशी येणारं आंबट पाणी: गोळी मागण्याआधी काय तपासायचं

जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासात छातीच्या मधल्या हाडामागे जळजळ सुरू होते आणि हळूहळू घशाकडे चढते. वाकून चप्पल घातली, खालची बादली उचलली किंवा पाठ टेकली की ती वाढते. तोंडात आंबट, कधी कडू पाणी येतं. ढेकर आंबट येतो आणि त्यासोबत खाल्लेलं थोडं वर येतं. काही लोकांना जळजळ जाणवतच नाही. त्यांचा सकाळी आवाज बसलेला असतो, कोरडा खोकला महिनोन्‌महिने जात नाही, घशात सारखं काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. आणि सगळ्यांत सारखी असणारी खूण म्हणजे गोळी घेतली की बरं वाटतं, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

मी नागपूरला महाल भागातल्या एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. "भाऊ, ते गॅसची एक गोळी द्या न," हे मी रोज ऐकतो, आणि मागणाऱ्यांत तीच तीच माणसं असतात. पुन्हा आलेल्या माणसाला मी काही प्रश्न विचारतो. बहुतेकांच्या दुखण्याचं मूळ त्या उत्तरांतच सापडतं. ते प्रश्न इथे फुकटच्या उपायांपासून खर्चाच्या तपासण्यांपर्यंत त्याच क्रमाने लिहितो आहे. क्रम मोडू नका. शेवटून सुरुवात करणारे लोक वर्षानुवर्षं गोळ्या खातात आणि कारण जागचं हलत नाही.

सगळ्यात आधी: हे हृदयाचं तर नाही?

अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून खाली उतरते. दोन्हींच्या वेदना मेंदूपर्यंत जवळजवळ एकाच वाटेने पोहोचतात, त्यामुळे दुखणाऱ्या माणसाला आतून फरक कळत नाही. रात्री दुकान बंद करायच्या वेळी कोणी मूठ छातीवर दाबून, कपाळावर घाम घेऊन "गॅस झाला" म्हणत आला तर मी त्याला गोळी देत नाही. छातीवर दडपण, आवळल्यासारखं दुखणं, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, घाम, धाप, किंवा जिना चढताना वाढणारं आणि थांबलं की कमी होणारं दुखणं, यांपैकी काहीही असेल तर १०८ ला फोन करा. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना हार्ट अटॅक कधी कधी नुसत्या अपचनासारखा वाटतो. सोडा प्यायलो, ढेकर आला, बरं वाटलं, यावरून हृदय ठीक आहे असं अजिबात ठरत नाही. ईसीजी काढून घ्या. तो स्वस्त आहे आणि पाच मिनिटांत होतो.

आत काय बिघडतं

पोट दुखतं म्हणून लोक बेंबीवर हात ठेवतात, पण जठर तिथे नसतं. ते वर, डावीकडे, फासळ्यांच्या आड आणि श्वासपटलाच्या लगेच खाली असतं. रिकामं असताना ते मिटलेलं असतं आणि आतल्या अस्तराला वळ्या पडलेल्या असतात. घास येऊ लागले की वरचा भाग सैल होतो, वळ्या उलगडतात आणि १ ते १.५ लिटर अन्न-पाणी आरामात मावतं. भिंतीत स्नायूंचे ३ थर असतात, उभा, गोल आणि तिरपा. मिनिटाला सुमारे ३ लाटा या भिंतीतून खाली सरकतात, अन्न घुसळून त्याची पातळ पेज करतात आणि खालच्या तोंडातून ती थोडी थोडी लहान आतड्यात सोडतात.

जठर दिवसाला साधारण २ लिटर रस पाझरतं. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि त्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा लहान तितकं आम्ल तीव्र) १.५ ते ३.५ च्या आसपास असतो. हे आम्ल अन्नातले जंतू मारतं आणि प्रथिनं तोडणाऱ्या पेप्सिनला जागं करतं. इतक्या तीव्र आम्लात जठर स्वतः टिकतं, कारण त्याच्या अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असतो, त्या थरात आम्ल मारणारं बायकार्बोनेट असतं आणि वरच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या होतात. अन्ननलिकेला असं चिलखत नाही. तिच्या आणि जठराच्या सांध्यावर फक्त एक गोल स्नायू असतो. बटव्याच्या तोंडाला नाडी असते तसा तो घास खाली येताना सुटतो आणि लगेच आवळला जातो. श्वासपटलही त्याला बाहेरून घट्ट धरून ठेवतं. ढेकर येताना हीच झडप क्षणभर सैल होते, आणि जठर ताणलं गेलेलं असेल तर ती जास्त वेळा सैल होते.

वारंवार जळजळ होणाऱ्या बहुतेकांच्या जठरात आम्ल नेहमीएवढंच तयार होत असतं. ते झडपेतून वर निसटतं, आणि वर त्याला सोसणारं अस्तर नाही. म्हणून मी आधी ते वर का येतं हे शोधतो. आम्ल कमी करायच्या गोळीचा विचार त्यानंतर.

पहिली तपासणी, फुकटची: घड्याळ

रात्री किती वाजता जेवता आणि किती वाजता आडवे होता? या दोन वेळांत ३ तासांचं अंतर हवं. साधं जेवण जठरातून पुढे सरकायला २ ते ४ तास लागतात. आडवं झाल्यावर गुरुत्वाकर्षणाची मदत संपते. झोपेत आपण गिळतही कमी आणि लाळही कमी सुटते, त्यामुळे वर आलेलं आम्ल धुऊन काढायला काही उरत नाही आणि ते तासन्‌तास तिथेच चरत राहतं. म्हणून दिवसाच्या जळजळीपेक्षा रात्रीची जळजळ अन्ननलिकेचं जास्त नुकसान करते.

जठर रिकामं व्हायला किती वेळ लागतो हे माणसाने प्रत्यक्ष पाहिलं ते एका अपघातामुळे. १८२२ साली अमेरिकेत अॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात बंदुकीचे छर्रे घुसले. तो वाचला, पण जठरापर्यंत जाणारं भोक कायमचं उघडं राहिलं. विल्यम बोमाँट या डॉक्टरने रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने ओढून काढून ते किती विरघळले ते पाहिलं. १८३३ मध्ये त्याने हे सगळं पुस्तकात मांडलं. जठर आपल्या सोयीप्रमाणे घाई करत नाही, हे तेव्हापासून माहीत आहे.

दुकानदार, ऑटोवाले, दुसऱ्या पाळीतले कामगार यांना लवकर जेवणं जमत नाही, हे मला कळतं. त्यांना मी सांगतो की मोठं जेवण संध्याकाळी सहा-सात वाजता डब्यातून करा आणि घरी आल्यावर अर्धी भाकर, वरण, एवढंच घ्या. दोन आठवडे असं करून बघा. अनेकांचा प्रश्न इथेच सुटतो आणि खर्च शून्य.

दुसरी तपासणी: ताट

इथे थोडं थांबतो, कारण नागपुरात हाच भाग सगळ्यात जास्त चुकीचा समजला जातो. "तिखट खाल्लं म्हणून अल्सर (जठराच्या अस्तरातली जखम) झाला" असं घरोघरी म्हणतात. मिरचीमुळे अल्सर होत नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन जळजळीची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, म्हणून आधीच सुजलेल्या अन्ननलिकेला ते झोंबतं. खरा घोळ तेलाचा आहे. सकाळी टपरीवर पोह्यांवर तर्री घालतात तेव्हा नीट बघा. पळी भांड्याच्या तळापर्यंत जात नाही, वरचा लाल तवंगच उचलते, आणि पोहे खाऊन झाल्यावर प्लेटच्या कडेला तेलाची लाल रेघ उरते. सावजी रश्श्याचंही तेच. चरबी आतड्यात पोहोचली की आतडं जठराला वेग कमी करायचा निरोप पाठवतं, शिवाय झडपही सैल पडते. पोट उशिरापर्यंत भरलेलं आणि वरचं तोंड ढिलं, असं दोन्ही एकदम होतं.

म्हणून मी कोणालाही सावजी सोडा म्हणत नाही. दुपारी खा, तवंग बाजूला करून खा, पोटात थोडी जागा ठेवून उठा. रात्री अकराला मटण आणि बारा वाजता अंथरूण, हे मात्र सोडा. महालक्ष्म्यांच्या पुरणपोळीवर तुपाची धार हवीच, पण त्यानंतर लगेच लवंडू नका, बसून राहा किंवा शतपावली करा.

संत्र्याच्या मोसमात एक वेगळी तक्रार येते. संत्र्याचं आम्ल जठराच्या आम्लापेक्षा पुष्कळ सौम्य असतं, पण सोललेल्या जखमेवर ते चुरचुरतंच. जळजळ चालू असताना रस बंद ठेवा, बरं झाल्यावर खुशाल खा. चहा-कॉफी, चॉकलेट आणि पुदिना झडप सैल करतात, तरी प्रत्येकाला सगळंच बाधत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की लिंबू-सोडा आणि थंड पेयं घटाघट पोटात जातात. त्यातला वायू जठर फुगवतो आणि ढेकरासोबत आम्लही वर येतं. त्याऐवजी ताक किंवा साधं पाणी प्या. उपवासाला दिवसभर नुसता चहा आणि संध्याकाळी शेंगदाण्याची तुपकट साबुदाणा खिचडी, हाही दुसऱ्या दिवशीच्या गर्दीचा एक नेहमीचा मार्ग.

दूध प्यायल्यावर गार वाटतं, ते खरं आहे. पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम थोड्या वेळाने जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. रात्री झोपताना ग्लासभर दूध पिणाऱ्यांना पहाटे दोनला जाग येते ती यामुळेही असू शकते.

एका वहीत १४ दिवस लिहा: काय खाल्लं, किती वाजता, जळजळ कधी झाली. सगळं सोडण्यापेक्षा तुमचे दोन-तीन खरे गुन्हेगार सापडणं जास्त उपयोगाचं.

तिसरी तपासणी: झोपायची पद्धत आणि कमरेचा पट्टा

उशीवर उशी ठेवू नका. त्याने शरीर कमरेत दुमडतं आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करा. डाव्या कुशीवर झोपा. जठर डावीकडे असल्यामुळे या कुशीवर अन्ननलिकेचा सांधा आम्लाच्या पातळीच्या वर राहतो, उजव्या कुशीवर तो आम्लात बुडतो. पट्टा, परकराची नाडी, घट्ट जीन्स सैल करा. पोटावर चरबी असेल तर वजन उतरवणं हा या यादीतला सगळ्यात टिकाऊ उपाय आहे, कारण दाब चोवीस तास कमी होतो. गरोदरपणात झडप संप्रेरकांमुळे सैल पडते आणि वाढतं बाळ खालून दाबतं. त्या ताईंनी झोपायचे हे उपाय जरूर करावेत, पण औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

चौथी तपासणी: खर्रा

हा प्रश्न विचारला की लोक नजर चुकवतात. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटून तो दिवसभर गालात ठेवणारे माझ्याकडे गॅसची गोळी मागायला येतात आणि खर्रा आणि जळजळ यांचा संबंध त्यांनी कधी जोडलेला नसतो. निकोटिन झडपेचा ताण कमी करतं. बिडी-सिगारेटचंही तेच, शिवाय धूम्रपानाने अल्सर भरून यायला वेळ लागतो. गोळी चालू आणि खर्राही चालू असेल तर गोळीचा खर्च करू नका, असं मी स्पष्ट सांगतो. तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच, तो वेगळा. दारूही झडप सैल करते आणि जठराचं अस्तर सुजवते.

पाचवी तपासणी: घरातल्या औषधांचा डबा

डबा घेऊन या, असं मी सांगतो. त्यात डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नाहीतर कुणीतरी दिलेल्या रंगीत "दुखण्याच्या" गोळ्या निघतात. गुडघ्यासाठी त्या महिनोन्‌महिने चालू असतात. जठराच्या श्लेष्माचा थर टिकवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं या गोळ्या बनू देत नाहीत. चिलखत पातळ होतं आणि आम्ल अस्तराला खातं. असा अल्सर कधी काही न दुखता थेट रक्तस्रावातून कळतो. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल जठराला पुष्कळ सोसतं. पण हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

डॉक्सिसायक्लीन, लोहाच्या गोळ्या आणि हाडांच्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या घोटभर पाण्यात गिळून लगेच झोपलं, तर त्या अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करतात. पूर्ण ग्लासभर पाणी घ्या आणि निदान अर्धा तास बसून राहा. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन काहींच्या झडपेला सैल करते. तीही बंद करू नका, फक्त पुढच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घाला.

सहावी तपासणी: गोळी बरोबर घेता का?

इथवर येऊनही त्रास आठवड्यातून दोनदा होत असेल तर औषधाचा विचार करावा. पातळ अँटासिड मिनिटांत काम करतं, पण रिकाम्या पोटी त्याचा असर लवकर संपतो. मॅग्नेशियम असलेल्याने पोट ढिलं होतं, अॅल्युमिनियम असलेल्याने बद्धकोष्ठ होतो. खाण्याच्या सोड्यात सोडियम भरपूर असतं, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी तो टाळावा. अल्जिनेट असलेलं औषध जेवणानंतर घेतलं तर ते जठरातल्या अन्नावर तरंगणारा थर तयार करतं आणि झडपेजवळ जमणाऱ्या आम्लाला अडवतं. लोह, थायरॉइडची गोळी आणि काही अँटिबायोटिक यांच्यासोबत अँटासिड घेऊ नका, ती औषधं शोषलीच जात नाहीत.

पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, ओमेप्राझोल ही आम्ल बनवणारे पंपच बंद करणारी औषधं. बहुतेक लोक ती चुकीच्या वेळी घेतात. जेवून झाल्यावर जळजळ झाली की एक तोंडात टाकतात. पंप जेवणाच्या चाहुलीने चालू होतात आणि औषध फक्त चालू पंपाला पकडतं. त्यामुळे सकाळी नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी, उपाशीपोटी, न चावता आणि न फोडता घ्यावी लागते. पूर्ण असर यायला काही दिवस जातात. एका गोळीने लगेच बरं वाटलं नाही म्हणून दुसरी घेऊ नका.

डॉक्टर ही गोळी सहसा ४ ते ८ आठवडे देतात. चिठ्ठी संपली तरी तीच पट्टी वर्षानुवर्षं नेणाऱ्यांची मला काळजी वाटते. दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. शाकाहारी माणूस, त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू, म्हणजे बी-१२ कमी व्हायची कारणं एकावर एक. आणि एकदम बंद केली तर काही आठवडे आम्ल उसळून येतं, मग "गोळीशिवाय जमतच नाही" असं वाटतं. उतरवायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. डोमपेरिडोन मिसळलेली जोडगोळी साठीनंतर किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नका.

इथे थांबा आणि डॉक्टरकडे जा

घास गिळताना अडकतो. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी होते. शौच डांबरासारखं काळं आणि चिकट होतं (लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, पण असं चिकट नाही). प्रयत्न न करता वजन उतरतं. हिमोग्लोबिन कमी निघतं. उलट्या थांबत नाहीत. पन्नाशी ओलांडल्यावर हा त्रास आयुष्यात पहिल्यांदा सुरू झाला, किंवा घरात कोणाला जठराचा कॅन्सर झाला होता. यांपैकी एकही असेल तर वरचे सगळे उपाय बाजूला ठेवा. अचानक पोटात सुरी खुपसल्यासारखी कळ आली आणि पोट फळीसारखं कडक झालं, तर अल्सर फुटलेला असू शकतो. नागपुरात मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं, नाहीतर जवळ असेल ते मोठं रुग्णालय गाठा, वाटेत काही खाऊ-पिऊ नका. तेलकट जेवणानंतर उजव्या बाजूला दुखून खांद्यात कळ जात असेल तर पित्ताशयातले खडे बघायला सोनोग्राफी लागते. त्यावर आम्लाच्या गोळीचा काही उपयोग नाही.

यातलं काहीच नाही, पण दोन ते चार आठवडे सगळं नीट करूनही फरक पडला नाही, तरीही पोटविकारतज्ज्ञाकडे जायची वेळ झाली.

रिकाम्या पोटी किंवा मध्यरात्री बेंबीच्या वर दुखतं आणि खाल्लं की थांबतं, अशा वेळी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची शंका घेतात. तो युरिएज नावाच्या विकराने स्वतःभोवतालचं आम्ल मारून जठरात घर करतो, बहुधा लहानपणीच घरातून लागलेला असतो. जंतू आम्लात जगूच शकत नाहीत असं पूर्वी मानत. पर्थमधल्या रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये तो वाढवून दाखवला. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. त्यामुळे आज बरेच अल्सर अँटिबायोटिकच्या सुमारे १४ दिवसांच्या कोर्सने कायमचे बरे होतात. कोर्स मध्येच सोडला तर तोच जंतू औषधाला दाद देईनासा होतो.

या जंतूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी सांगितली असेल तर पॅन्टोप्राझोलसारखी गोळी २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे आधीपासून बंद असावं लागतं, नाहीतर जंतू असूनही अहवाल कोरा येतो. बंद करायचं ते डॉक्टरांना सांगून. एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून जठर आतून पाहणं, त्याच्या आधी ६ ते ८ तास उपाशी राहावं लागतं. घशात बधिर करणारा फवारा मारतात आणि पाहणी साधारण ५ ते १० मिनिटांत आटोपते. गुंगीचं इंजेक्शन दिलं तर त्या दिवशी गाडी चालवता येत नाही, म्हणून घरचं कोणीतरी सोबत न्या. जाताना १४ दिवसांची ती वही आणि औषधांचा डबा बरोबर ठेवा. डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत जे विचारतात, ते सगळं त्यात असतं.